ओळखलं का?

“ओळखलं का मामा?” असं फोनवर कुणी विचारलं की ‘न्हाई’ म्हणायची आपल्याकडं लाज वाटते. मीच घाईनं वालूरच्या भाच्याचं नाव घेतलं. तो लगेच हो म्हणाला, दवाखान्याचं कारण सांगितलं आणि मी पैसे पाठवून मोकळा झालो. भाचा तर शेतात कापूस वेचत होता! चोराला नाव मीच पुरवलं होतं.

तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की जीव वरखाली होतो. परवा असाच एक फोन वाजला. बाईचा आवाज होता, “ओळखलं का रं?”

“न्हाई!” म्हणून मी ताडकन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “मामा, शेजारणीच्या फोनवरून आईनं लावला होता. म्हणायलीय, चोराला ओळखलास अन् मला न्हाई?”