माझ्या पेन्सिलीसाठी थांबलेली उत्तरे

साठच्या दशकात मी जयपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवीत असताना, तेथे प्राचार्यांसाठी रेडिओ बसवलेली नवी मोटार आली. जुन्या गाडीचे जे एकच चालक होते, त्यांनाच ती द्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी प्राचार्यांनी माझे मत मागवले. ते गृहस्थ इतके आतुर होते की, रोज सकाळी कोणी न सांगता नव्या गाडीच्या काचा पुसून ठेवीत.

रेडिओ लावताना चालकाच्या मनावर किती भार पडतो, हे मोजण्याची माझी रीत साधी होती. गाडी चालू असता मी एक आकडा सांगायचा, त्यांनी त्यात तीन मिळवायचे आणि उत्तराला लागलेला वेळ मी स्टॉपवॉचवर पाहून टिपायचा. एरवी उत्तरे झटपट येत. रेडिओचे बटण फिरवायला सांगितले की रेंगाळत. एका फेरीतच मी ‘मनुष्य मंद आहे’ असे प्राचार्यांना सांगून मोकळा झालो. आज इतक्या वर्षांनंतरही त्या उतावळेपणाची मला लाज वाटते.

आकडे पक्के करायला घेतलेल्या दुसऱ्या फेरीला पत्नी मागे बसली होती. तिला आदर्श नगरला मैत्रिणीकडे उतरायचे होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, “अहो, ते आधी तुमची पेन्सिल बघतात, मग बोलतात.”

मी चालकांना विचारले. ते ओशाळले. “साहब, रेडियो चलता है तो आप घडी भी देखते हैं, रेडियो का काँटा कहाँ है वह भी लिखते हैं. पेन्सिल पीछे रह जाती है. सोचा, बेचारे लिख लें.”

“बेचारे,” पत्नीने मागून सावकाश म्हटले.

मोजला गेला होता तो माझाच भार. मी वही तिच्याकडे दिली आणि हाती फक्त घड्याळ ठेवले. रेडिओ गात होता, बटण फिरत होते आणि उत्तरे लाह्यांसारखी फुटत होती. एका उंटगाडीला वाट देताना मात्र त्यांचे उत्तर थांबले; तेथे थांबणेच योग्य होते. मैत्रिणीचे घर मागे पडले, तरी पत्नी उतरली नाही.

त्याच दुपारी मी प्राचार्यांपुढे माझा शब्द मागे घेतला.

“मग मंद कोण निघाले?” त्यांनी विचारले.

“मी,” मी म्हणालो. त्यांनी हसत गाडीची किल्ली चालकांना पाठवली.

पहिल्याच दिवशी चालकांनी मला घरी सोडले. वाटेत रेडिओ लावून म्हणाले, “साहब, सत्ताईस में तीन?”

मी पिशवीत चष्मा शोधत होतो. उत्तर सुचेना. ते शांतपणे गाडी चालवीत माझी वाट पाहत राहिले.