पोटाला बांधलेली नऊ अंडी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात की मला राग येतो, आणि मग सांगायचं राहतं बाजूला. विषय माझ्या मूर्खपणाचा आहे. साधासुधा नाही, चांगला शिकूनसवरून केलेला!

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी नुकताच पेठला घरी परतलो होतो. दहाव्या वर्षी मला पार उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका निवासी शाळेत धाडलं होतं, आणि तिथून पुढे कॉलेजला परदेशात. बारा-तेरा वर्षांनी परत आलो ते डोक्यात एकच खूळ घेऊन. गाव स्वावलंबी करायचं! सुरुवात आमच्याच घरापासून. आल्या आल्या आईची भांड्यांची पावडर बंद केली आणि तिला राख आणून दिली. तिने राख मोरीत ठेवली आणि पावडर पिठाच्या डब्यामागे लपवली. चार महिने मी येणाऱ्या-जाणाऱ्याला आमची चकचकीत भांडी दाखवून राखेचं महत्त्व सांगत होतो. असा मी.

आमच्या मागच्या अंगणाला लागून सोमीमावशीचं घर. नात्याने मावशी नव्हे, पण मी रांगत होतो तेव्हापासून मला ओळखणारी. माहेर वर डोंगरातल्या पाड्यावर. तिची आई गेली तेव्हा भावांनी विचारलं, काय नेतेस? भांडं नाही, लुगडं नाही, तिने एक काळी कोंबडी मागितली आणि टोपलीत घालून पेठला आणली. मी परतलो तेव्हा त्या कोंबडीची नात मावशीच्या पडवीत नऊ अंड्यांवर बसली होती.

अकराव्या दिवशी सकाळी मुंगसाने ती नेली.

मी गेलो तेव्हा मावशी अंडी पदरात गुंडाळून निघालेली. तिच्या नणंदेच्या गावी एक खुडूक कोंबडी होती. खुडूक म्हणजे अंडी घालायचं सोडून नुसती उबवत बसलेली. तिच्याखाली ही ठेवायची, असा बेत. पण जायचं जीपने, आणि तो रस्ता म्हणजे काय विचारता!

"मावशी, थांबा! जीपमध्ये हादरून सगळी खराब होतील. मी उबवतो."

"तू?"

"हो, मी."

मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बसशील?"

"बसायचं नाही हो! विजेची पेटी करायची. सगळं विज्ञान आहे त्यात."

"ह्ये बघ नंदूभाऊ, आयची माझ्यापाशी येवढीच खूण हाय. ही नऊ गेली का संपलं. तुला जमल का नाय, खरं सांग."

"मावशी, मी शिकलोय हे!"

शिकलो नव्हतो. माझा विषय होता नदीतला गाळ. पण तोंडातून गेलं. मावशीने पदर सोडला आणि एकेक अंडं माझ्या हातात दिलं. शेवटचं देताना जरा थांबली. तेव्हाच मी तिला म्हणायला हवं होतं, की जा बाई जीपने.

थर्मोकोलची एक पेटी मिळवली. आत चाळीसचा बल्ब, कोपऱ्यात पाण्याची वाटी, वर गोधडी. झाकणाला भोक पाडून त्यात आईचा तापाचा थर्मामीटर खोचला. अंड्यांना साधारण साडेनव्व्याण्णव लागतं, एवढं मी एका पुस्तकात वाचलं होतं. आणि पारा कुठे थांबला? बरोब्बर साडेनव्व्याण्णव!

मी दर तासाला भोकातून थर्मामीटर काढायचो, वाचायचो, वहीत लिहायचो. साडेनव्व्याण्णव. साडेनव्व्याण्णव. साडेनव्व्याण्णव. दुसऱ्या दिवशी दुपारी आई भाजी निवडत होती, तिच्यापुढे वही नाचवली.

"बघ! दोन दिवसांत रेघभर हललं नाही, वीज गेली तेव्हासुद्धा! परदेशी यंत्रंसुद्धा असं चालत नाहीत!"

आईने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नंदू, तू तो झटकतोस कधी?"

"काय झटकतो?"

"थर्मामीटर. अरे, झटकल्याशिवाय पारा खाली येतो का कधी? तुला ताप यायचा तेव्हा मी काय हात दुखावा म्हणून झटकत होते?"

आता सांगा, ही गोष्ट ज्याला वयाच्या पाचव्या वर्षापासून माहीत असायला हवी, त्याने परदेशातून पदवी आणली होती!

गोधडी उचलली. आत अंधार. बल्ब केव्हाचा उडालेला! अंडी हाताला जेमतेम कोमट लागली. नवा बल्ब घरात नव्हता. आणि तेवढ्यात मागच्या अंगणातून मावशीची हाक, "नंदूभाऊ, बरी हायेत ना?"

"उत्तम!" मी ओरडलो, आणि सगळी अंडी सदऱ्यात घातली.

दुकानातून बल्ब आणेपर्यंत ती माझ्या पोटावर चांगली ऊबदार झाली. तिथेच मला तो साक्षात्कार झाला. तेव्हा आमच्याकडे भारनियमन. रोज सकाळी दहाला वीज जायची ती दोनला यायची. पेटी चार तास थंड ठेवायची? छे! आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीत नऊ खिसे शिवले आणि दहा ते दोन अंडी पोटाला बांधून फिरायला लागलो. पोटाचा बल्ब उडत नाही, त्याला झटकावंही लागत नाही!

मात्र मला वाकता येईना. पाटावर बसताना भिंत धरायची, उठताना आईला हाक मारायची. वरचेवर अंडी फिरवायची म्हणून सदऱ्यात हात घालायचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिक्षक. तीन-चार दिवस त्यांनी मुकाट्याने सोसलं. मग म्हणाले, "बाहेर जाताना निदान वरून शाल घे."

शाल घेतली. त्याने पोट जास्तच दिसू लागलं.

आणि उबवणीच्या विसाव्या दिवशी अप्पांच्या शाळेत माझं भाषण! विषय अर्थात स्वावलंबन. वेळ सकाळी अकरा. अप्पा म्हणाले, "आजच्या दिवस मावशीकडे ठेव ती."

"अप्पा, जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची? आणि तीही आज, या विषयावर बोलताना?"

गेलो तसाच. मुख्याध्यापक देवरे सर हार घालायला पुढे आले तर मी दोन पावलं मागे सरलो. ते आणखी पुढे, मी आणखी मागे. शेवटी हार मी हातातच घेतला. समोर अख्खी शाळा मांडी घालून बसलेली. बोलता बोलता मला स्फुरण चढलं, आणि पोटाशी जे होतं तेच तोंडात आलं.

"मुलांनो, अंड्यातल्या पिल्लाकडे बघा! एवढा तो जीव! पण कुणाला हाक मारतो का? कुणाकडे मदत मागतो का?"

"चिव!"

मी थांबलो. शाळा थांबली.

पिल्लं बाहेर यायच्या आदल्या दिवशी अंड्याच्या आतूनच बोलायला लागतात, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. मी अजून मागच्या पानावर होतो!

घसा खाकरून मी पुढे रेटलं. "तो जीव एकटा झगडतो. स्वतःच्या चोचीने कवच फोडतो. मदत मागत नाही!"

"चिव! चिव चिव!"

पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक चिमुरडी उभी राहिली. हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, मागतंय!"

मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. नुसतं ऐकलं. देवरे सर मात्र हसले नाहीत. भला माणूस. त्यांना वाटलं, परदेशातून माझ्या पोटात काहीतरी भयंकर शिरलंय. लगबगीने आले आणि खांदा धरून मला खुर्चीत बसवायला लागले.

"बसा, बसा! पोटात वायू धरलाय का? जरा दाबून पाहू?"

"दाबू नका!" मी किंचाळलो. "फुटतील!"

"काय फुटतील?" सर पांढरेफटक.

"नऊ आहेत, सर!"

आणि मी दोन्ही हातांनी पोट धरून, अडखळत, अख्ख्या शाळेदेखत फाटकाबाहेर पडलो. अप्पा व्यासपीठावर कपाळाला हात लावून बसले होते. घरी पोचून खाटेवर आडवा होतोय तोच आमच्या दारात चार बायका ओवा, हिंग आणि कसलासा काढा घेऊन हजर. आई प्रत्येकीला सांगत होती, "अहो, बरा आहे तो. पिल्लं आहेत पोटावर." त्यावर त्या आणखी कळवळून आत बघत होत्या.

मावशी मात्र आली ती हातात काही न घेता. थेट माझ्या पोटाला कान लावला आणि हळूच म्हणाली, "बोलत्यात रं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पेटीत टकटक सुरू झाली. दहाला वीज गेली तशी आईने गरम पाण्याची बाटली आत सरकवली. दुपारपर्यंत सात बाहेर आली. ओली, पाय लटपटत, पण सगळी काळी! एक अंडं वांझ निघालं. राहिलं नववं. त्याला बारीकसं भोक पडलं, चोचीचं टोक दिसलं, आणि तिथेच ते अडलं. तास झाला, दोन झाले, चार झाले. चिवचिव बारीक होत चालली. मी पेटीत पाहिलं तर पाण्याची वाटी कोरडी ठाक! भाषणाच्या नादात दोन दिवस पाणी घालायचं राहिलेलं. आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटला होता.

मावशीने हात पुढे केला. मी तो अडवला. हो, अडवला! तेवढं झाल्यावरही माझी अक्कल जागच्या जागी होती.

"मावशी, मदत करायची नसते. निसर्गाचा नियम आहे."

"निसर्गानं ह्याला तुझ्या आयच्या लुगड्यात बांधून शाळंत नेलं व्हतं का? कोमट पाणी आण. आन कापूस."

आणलं. मावशीने कापूस भिजवून, पिळून, चोच सोडून बाकी पापुद्र्यावर टेकवला. एकदा, दोनदा. तो मऊ पडला तशी नखाने टरफलाची एक चकती काढली. मला आता कुठला धीर! मी पुढे होऊन ओढायला गेलो.

"ओढू नको!" तिने माझ्या हातावर फटका मारला. "त्याचं रगत अजून टरफलाला हाय. आत चढू दे. आपन वाट मोकळी करायची, निघायचं त्यानं."

मग थांबलो. थोडं भिजवायचं, थोडं सोडवायचं, परत थांबायचं. मावशी घशातून "कुक् कुक्" करत होती. तिचा घसा बसला तसा मी सुरू झालो. आई दारात उभी. दिवेलागण झाली, आम्हाला पत्ता नाही. अखेर त्याने एक हिसका दिला आणि टरफलाची टोपी मागे टाकून ते माझ्या तळहातावर येऊन पडलं.

पाय फाकलेले, उभं राहता येईना. मावशीने लोकरीचा धागा घेऊन दोन्ही पाय जरासं अंतर ठेवून बांधले. "चार दिसांत चालल," म्हणाली. मग त्याला ओंजळीत घेऊन तोंडाजवळ नेलं. काय पुटपुटली कुणास ठाऊक. मला एवढंच ऐकू आलं, "आये, आठ हायेत गं."

मी बाहेर जाऊन उगाच नळ सोडून तोंड धुतलं.

इथेच थांबलो असतो तर माझी थोडी तरी अब्रू राहिली असती. पण डोळे उघडल्या उघडल्या त्या आठ जणांनी कोंबडी पाहिलीच नव्हती. पाहिलं ते मला! मावशीच्या अंगणात सोडली की कुंपणातून परत आमच्याकडे. मी चाललो की मागे रांग. किराणा दुकानात गेलो तरी रांग. मग मीच रोज दोनदा मावशीच्या अंगणात जाऊन उकिडवा बसायला लागलो. बोटांनी माती उकरायची, "कुक् कुक्" करायचं, वाळवीचा किडा दिसला की त्यावर टकटक करायची. शिकली! दाणे टिपायला, धुळीत लोळायला, सगळं शिकली. मी कुणाला सांगत नसे, पण मनातून मला वाटायचं, अशी कोंबडी त्यांना मिळाली नसती!

दीड महिना गेला, दोन झाले. पिल्लांच्या कोंबड्या व्हायला लागल्या. आठात पाच माद्या, मावशी रोज मोजायची. तरी माझं जाणं सुरूच. घार घिरट्या घालायला लागली की ती झुडपाखाली पळायची सोडून माझ्या लेंग्यात शिरायची. मला भरून यायचं. मावशीला मात्र धडकी.

"तू नसशील तवा कुठं शिरतील? मुंगूस काय तुला इचारून येनार हाय? सोड आता त्यांना."

"हो मावशी, उद्यापासून."

"काल बी उद्याच म्हनला."

"अहो, ती नववी अजून जरा लंगडते."

"लंगडत नाय. तू बघतोस तवाच लंगडती!"

आणि खरंच सांगतो, मी ठरवायचो. आज जायचं नाही. पण सकाळी कुंपणापलीकडे चिवचिव झाली की पाय आपोआप तिकडे. असाच एके दिवशी मावशीच्या अंगणात उकिडवा बसलो होतो. आठही जणी-जण माझ्या मांडीखाली दाटीवाटीने. ऊन छान, डोळे अर्धवट मिटलेले, घशात कुक् कुक्. आणि फस्सकन डोक्यावरून विहिरीच्या गार पाण्याची अख्खी बादली!

मी ताडकन उभा. कोंबड्या आठ दिशांना पळाल्या. थेट झुडपाखाली. एकीनेही मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

"मावशी! अहो, हे काय!"

कुंपणापलीकडे आई पदर तोंडात कोंबून उभी होती. मावशीने रिकामी बादली शांतपणे खाली ठेवली.

"खुडूक उतरत नसली की आमच्यात कोंबडीला गार पान्यात बुडवत्यात," ती म्हणाली. "तू बादलीत मावत नाय."