उतरता आकडा

एमएस्सीला असताना मी गिनीपिगच्या नरांचं खच्चीकरण करून त्यांच्या रक्तातलं नर-संप्रेरक मोजत असे. काहींची वृषणं कापून काढली होती, काहींच्या वृषणांत ती हळूहळू निकामी करणारं औषध टोचलं होतं. कापलेल्यांचे आकडे लगेच कोसळले. टोचलेल्यांचे मात्र रेंगाळत उतरत होते. त्यांतला एक तपकिरी नर मादी पिंजऱ्यात सोडली की अजून तिच्याभोवती गुरगुरत फिरायचा, दर आठवड्याला थोडा कमी. मला त्याची दया येत नसे. आकडा उतरायला उशीर लावतो म्हणून रागच यायचा.

पिंजरे झाडणारे यशवंतमामा एकदा म्हणाले, "ताई, कापलेले सुटले. ह्याला तुम्ही थोडं थोडं मारताय."

"त्याला काही कळत नाही हो मामा," मी म्हणाले.

सातव्या आठवड्यात मादी अगदी अंगाला घासून गेली, तरी तो कोपऱ्यात गवत चघळत बसून राहिला. माझा प्रबंध मार्गी लागला होता. मी पेढे आणले.

मामांनी पेढा हातात घेतला आणि पिंजऱ्याकडे पाहत विचारलं, "हा कशाचा, ताई?"

"प्रयोग यशस्वी झाल्याचा," मी हसत म्हणाले.