गटात पहिलं येण्याचा शब्द

कावळ्याला शब्द देण्याआधी माणसाने स्वतःची कुवत बघावी. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी मी ऐकली असती अशातला भाग नाही.

शहापुरात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळतात, मी त्यांतली करपलेली तार काढतो आणि नवी गुंडाळतो. दुकानात एक टीव्ही आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची माझ्या मित्राची. तो भातसानगरला धरणावर नोकरीला, गाव मुरबाडकडचं. आमच्याकडे भात कापून झालं की शेताशेतात क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. आम्ही दोघं शाळेपासून फुटबॉलचे. त्याच कापलेल्या शेतांत अनवाणी खेळून तळव्यांची चाळण करून घेतली होती. आमच्या खेळाकडे बघून गाववाले म्हणायचे, "यांना कुणी नाचणीत तरी उभं करा, पाखरं तरी उडतील."

गेल्या वर्षी आशियातल्या मोठ्या स्पर्धेसाठी पात्रता सामने सुरू झाले. आपल्या गटात चार देश. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा इथे, एकदा तिकडे. चारांतला पहिला तेवढा स्पर्धेत जाणार, बाकीच्यांनी घरी बसायचं. सामने मधे मधे महिने सोडून, त्यामुळे गट संपायला वर्ष लागतं. इतकी वर्षं आपला कुठलाही सामना असला की मित्राची बरेचदा ड्युटी असायची. मग सामना संपला की त्याचा फोन यायचा, "सांग, काय झालं?" मी हटकून खोटं सांगायचो. हरलो असलो की जिंकलो, जिंकलो असलो की हरलो. पण तो एकदाही फसला नाही. खोटं बोलायच्या आधी मला खोकला येतो, हे त्यानेच शोधून काढलं होतं. "खोकलास," तो म्हणायचा, "आता खरं बोल."

पहिला सामना बरोबरीत सुटला. "बरोबरी म्हंजे काय नाय रे," तो म्हणाला, "अजून सगळा गट पडलाय." त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो ड्युटीवरून घरी आला, चहा मागितला आणि चहा उकळेपर्यंत गेला.

दहाव्याला आम्ही काळू नदीवर जमलो. पिंड मांडले. समोर उंबरावर कावळे होते, चांगले धष्टपुष्ट, पण एक खाली उतरेल तर शपथ. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलंय. मग एकेक जण हात जोडून पुढे होऊ लागला. त्याचा मोठा भाऊ म्हणाला, "पोरांचं शिक्षण मी बघीन." कावळे गप्प. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, म्हणाली, "घरावरचा पत्रा बदलायचा ऱ्हायला होता, तो बदलू." कावळे गप्प. एका चुलत्याने बांधाचा जुना तंटा तिथल्या तिथे सोडून दिला. कावळ्यांनी तोही फुकट घेतला. ऊन चढलं. शेवटी भटजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ का?" तशी सोय असते. पण गवताचा कावळा लावावा लागला ही गोष्ट गाव पुढे कितीतरी वर्षं बोलणार. भावाचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळला. "तुमी त्याचे दोस्त. तुमाला ठावं आसंल. बोला की काय तरी."

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? 'वहिनींकडे लक्ष ठेवीन' असलं काहीतरी पुटपुटला असता. मी पुढे झालो आणि खड्या आवाजात म्हणालो, "गटात पहिले येऊ रे! मोठ्या स्पर्धेत जाऊ. माझा शब्द."

उंबरावरून एक कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

लोक सुटकेचा निःश्वास टाकून आंघोळीला उतरले. मी मात्र काठावरच राहिलो. जो संघ मी टीव्हीवर बघतो, ज्यातल्या एकालाही मी ठाऊक नाही, त्याच्या वतीने मी मेलेल्या माणसाला जबान दिली होती. बायको ऐकून म्हणाली, "घरातला नळ गळायचा थांबवत नाय तुमच्यानं, आन देशाला पहिला आणताय?"

पुढचा सामना परदेशात होता. अगदी शेवटी गोल खाल्ला आणि हरलो. त्या संध्याकाळी दुकानाच्या पत्र्यावर नखांचा आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तर कावळा. एकटाच. आता शहापुरात कावळे काय कमी आहेत? पण हा मान वाकडी करून बघत होता, आणि माझा मित्र कुणाचं ऐकताना तशीच मान वाकडी करायचा. मी त्याला शेव टाकली. त्याने शेवेला तोंड लावलं नाही.

त्यानंतर प्रत्येक सामन्याला पत्रा वाजू लागला. रिकाम्या खुर्चीत मी गिऱ्हाइकालाही बसू देईना. एकदा एक शेतकरी जळकी मोटार घेऊन आला आणि सरळ तिथे टेकला, तर मी असा ओरडलो की तो मोटार सोडून रस्त्यावर गेला. गटाचं गणित रोज मांडायचो. हे जिंकले, ते हरले, त्यांची बरोबरी झाली, तर अजून जमतं. मोटारीत चुकीचे वेढे भरले जायला लागले. पाणी वर चढवायची मोटार एकाच्या विहिरीत उलटी फिरली.

ज्या सामन्यावर सगळं होतं तो आपल्या देशातच होता. मित्राचा भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून मुरबाडहून आला. आयुष्यात त्याने फुटबॉल बघितला नव्हता. मी त्याला स्टुलावर बसवलं, खुर्ची रिकामीच ठेवली. त्याने विचारलं नाही. आपण आधी गोल केला तेव्हा त्याने खुर्चीकडे बघून हात जोडले. मग त्यांनी एक केला. मग आणखी एक. शिट्टी वाजली.

"म्हंजे?" भाऊ म्हणाला.

"म्हणजे गेलं. आता पहिला नंबर नाही मिळत."

"पन सामने तर ऱ्हायलेत ना?"

"राहिलेत. खेळावे लागतात. त्यांचा उपयोग नाही."

"मेल्यावर बी फिरायला लागतं म्हना," तो म्हणाला. मग उठला. "तुमच्या वैनीला मी नाय सांगनार. शब्द तुमचा हाय."

तो दारातून बाहेर पडला आणि माझा फोन वाजला. पडद्यावर मित्राचं नाव. माझ्या हातातला चहा शर्टावर सांडला. वहिनीने त्याचा फोन चालू ठेवलाय हे मला माहीत होतं, तरीसुद्धा.

"सांगा भाऊजी, काय झालं?"

मला खोकला आला. म्हटलं, "अजून आशा आहे, वहिनी."

ती म्हणाली, "बरं."

उरलेले सामने मी बघितले. का, ते विचारू नका. संघ धावत होता, पडत होता, एकमेकांना ओरडत होता, आणि गटाला त्याचं काही नव्हतं. पत्रा मात्र वाजत होता. शेवटचा सामना आटोपला आणि थोड्याच दिवसांत वर्षश्राद्ध आलं.

मुरबाडला गेलो. घरावर नवा पत्रा होता. भावाने पोरांच्या शाळेचं सगळं मार्गी लावलं होतं. त्या दिवशी नदीवर दिलेल्या शब्दांतला एकच बाकी होता. पान वाढून झालं, खीर, वडे, भाजी. भाऊ ते उचलायला गेला तर वहिनी म्हणाली, "भाऊजींना ठेवू द्या. गेल्या बारीला त्यांचंच ऐकलंन."

पडवीच्या पत्र्यावर पान ठेवलं. कावळा आधीच येऊन बसला होता. मान वाकडी. मागे सगळं घर उभं. काय बोलायचं ते मी एसटीत ठरवलं होतं. गेलेल्याला कोण वर्तमानपत्र दाखवतंय? एक खोटं बोलायचं आणि मोकळं व्हायचं, त्याला नि मलाही. मी हात जोडले, तोंड उघडलं आणि खोकलो.

मागून हसण्याचा आवाज आला. वहिनी हसत होती. वर्षभरात मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

"त्या दिशी फोनवर पन खोकलात भाऊजी," ती म्हणाली. "मला काय ते सांगून नाय गेले?" मग ती माझ्या शेजारी आली, पदर सावरला आणि कावळ्याला म्हणाली, "अवो, नाय गेले पुढं. हारले. जेवा आता."

कावळ्याने एक वडा चोचीत धरला. पण उडाला नाही. खाल्लाही नाही. वडा धरून माझ्याकडे बघत राहिला.

वहिनी आत गेली, मागोमाग सगळे गेले. मीही निघायला हवं होतं. पण तो बघत होता, आणि मला शांत राहता येत नाही, हा माझा जन्मजात दोष.

"पुढच्या खेपेला," मी म्हणालो. "पुढच्या गटात नक्की."

तेव्हा तो उडाला.

सबंध परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हे बोलताना मला खोकला आला नव्हता.