पोत्यापेक्षा हलकी पाहिजे!

आमच्या घराण्यात विमानात बसलेली पहिली बाई मी नव्हे, आणि त्याला एक तांदळाचं पोतं कारण आहे.

एवढ्यात हसू नका. पुढं हसायला पुष्कळ जागा आहे, थोडं राखून ठेवा.

गोष्ट पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची. तेव्हा गडचिरोली जिल्हा काही वेगळा नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच. आमचं घर चामोर्शीच्या बाजूला, वैनगंगेच्या अलीकडे. माहेर नदीपल्याड. माहेरी धानाची शेती, सासरी तांदळाचा व्यापार. म्हणजे जन्मापासून मी भातातच वाढले. आणि वाढले म्हणजे काय, चांगली चौफेर वाढले! लग्नात मी चवळीची शेंग होते असं हे सांगत. (हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी घेत नाही. रीत म्हणून नव्हे, तर ऐकणारे लगेच त्यांची बाजू घेतात म्हणून.)

तर त्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका लाकडाच्या ठेकेदारानं मार्कंड्याच्या जत्रेला विमान आणलं. लोक जत्रेत पाळणा आणतात, ह्यानं विमान! नागपूरचा एक हौशी वैमानिक त्याचा दोस्त होता. त्याचं चिमुकलं विमान, पुढं चालवणारा आणि मागं बसणारा एक, बस्स. ठेकेदारानं धान कापून मोकळ्या झालेल्या आपल्या शेतातल्या बांध्या सपाट करून घेतल्या आणि महिनाभर आधीच ओळखीच्या घरी निरोप धाडला, की घरचं एक माणूस पाठवा, नदीवरून चक्कर मारून आणतो. पण त्या निरोपाला एक शेपूट होतं. बसणाऱ्याचं वजन दोन मणांच्या आत पाहिजे. म्हणजे तांदळाच्या एका पोत्यापेक्षा हलकं.

निरोप्या हे बोलला, आणि घरातली सगळी माणसं माझ्याकडे पाहायला लागली.

"काऊन पाहता माझ्याकडं?" मी म्हटलं. "मीच जाणार!"

आता माझा हट्ट नुसता हौसेचा नव्हता हो. माझे बाबा नदीपल्याड बाजेवर पडून होते. दिवाळीत बैलानं ढुशी दिली, खुबा मोडला, तेव्हापासून बाज हेच त्यांचं गाव. मी भेटायला गेले की म्हणायचे, "आता कुठी जाणं नाई न् येणं नाई, पोरी. छपराच्या वाशांकडं पाहून पाहून डोळे शिणले." म्हणून मी निरोप आल्या दिवशीच सांगावा धाडला, की बाबा, जत्रेच्या दिवशी बाज अंगणात टाका, वर पाहा. मी घरावरून जाईन, पिवळा शेला हलवीन.

बाबांनी काय करावं? अख्ख्या गावाला सांगितलं! "माझी पोट्टी आपल्या छपरावरून जाऊन राह्यली!" गावातल्या बायांनी म्हणे अंगणं सारवून ठेवली. विमान काय अंगणात उतरून चहा पिणार होतं? पण झालं. माघार घ्यायची सोय राहिली नाही.

मग माझं वजन उतरवायचं काम सासूबाईंनी हातात घेतलं. सासूबाई म्हणजे तुराटी. वावटळ आली की आम्ही आधी सासूबाईंना धरायचो, मग वाळत घातलेली लुगडी.

"आजपासून तुले भात बंद," सासूबाई म्हणाल्या.

"मंग खाऊ काय, बाई?"

"उपास कर. देवबी पावते न् अंगबी उतरते."

मी मन लावून उपास धरले. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. मधले दिवस मोकळे राहून रुसू नयेत म्हणून तेही धरले. आणि उपासाला जे जे चालतं ते ते सगळं मी चालवलं. उकडलेली रताळी, तळ्यातल्या शिंगाड्याचा शिरा, दाणे, गूळ, वर लोट्याभर दूध. महिना संपता संपता माझ्या चोळीची शिवण दोन्ही बाजूंनी उसवली.

"देव पावून राह्यला वाटते," हे म्हणाले. "दोन्हीकडून."

जत्रा आली. महाशिवरात्रीचं दर्शन झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बांध्यांवर हजर. विमान पाहिलं आणि माझा जीवच गेला. एवढंसं! आमचा बैल शेजारी उभा केला असता तर बैलानं त्याला हुंगून सोडून दिलं असतं. शेजारी मोहाच्या झाडाला आमच्याच दुकानाचा मोठा काटा टांगलेला. ह्यांनी मोठ्या मानानं पुढं होऊन सांगितलं होतं ना, "काटा माझा, पोतं माझं!" एका पारड्यात आमच्या दुकानचं तांदळाचं पोतं, दुसऱ्या पारड्यात माणूस. पोतं खाली राहिलं की बसा विमानात. पोतं वर गेलं की जा घरी.

काट्यावर आमचे नेहमीचे तोलणारे रहीमभाऊ. त्यांची जुनी सवय, पहिल्या तोलाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. इथं प्रत्येक माणूस म्हणजे पहिलाच तोल, म्हणून मास्तर बसले, "लाभ हो लाभ!" पोतं खाली, मास्तर वर, टाळ्या. पाटील बसले, पाटीलही वर. एकेक जण आभाळात भिरभिरून येत होता आणि खाली उतरून आपापल्या घराचं छप्पर शाकारायला झालंय असं सांगत होता.

आणि मग माझं नाव पुकारलं.

मी पारड्यात बसले. बसले म्हणजे काय, पारड्यानं मला झेललं आणि भुईवर आणून ठेवलं, धप्प! पलीकडे तांदळाचं पोतं टुणकन वर. ते तिथं डुलत राहिलं, जसं काही विमानात तेच बसणार!

रहीमभाऊ बिचारे भले माणूस. 'लाभ' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

जत्रेतली सगळी माणसं गोळा झाली. पाळण्यातली उतरली, कुस्तीतली उठली. हां हां म्हणता दोन पक्ष पडले. अर्धे ओरडायला लागले, "बाई! बाई!" आणि अर्धे, "पोतं! पोतं!" (पोत्याच्या पक्षात मला माझी सख्खी जाऊ दिसली.)

"बाई, विमान हलकं आहे," वैमानिक अजीजीनं म्हणाला. "माझा नाइलाज आहे."

"थांबा जी!" सासूबाई पुढं सरसावल्या. तुराटी असल्या तरी व्यापाऱ्याच्या आई होत्या. "रहीमभाऊ, माल तोलताना बारदाना वजा करता का नाई?"

"रिकाम्या पोत्याचं वजन? करतो ना, बाई."

"मंग माझ्या सुनेचा बारदाना काऊन नाई करून राह्यले? नऊवारी लुगडं हाय तिच्या अंगावर! ते का तिचं मांस हाय?"

लोकांना पटलं. वैमानिकाला पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्याला कोण विचारतो! माझे तोडे काढले, पाटल्या काढल्या, गोठ काढले. नदीवर आंघोळीनंतर नेसायला आणलेलं माझं दुसरं लुगडं पोत्याच्या पारड्यात टाकलं, बरोबरीला. रहीमभाऊ वाकून माझ्या पारड्याखाली पाहू लागले. त्यांच्या हातात नेहमीची परखी होती, ती टोकदार नळी पोत्यात खुपसून तांदूळ काढून पाहतात ना, ती. मी ओरडले, "भाऊ, ती आधी खाली ठेवा!"

पारडं हललं. खरंच हललं! माझ्याखाली बोटभर उजेड दिसला. बाईच्या पक्षानं आरोळी ठोकली, आणि त्या आनंदानं मी जो मोठा श्वास आत घेतला, तो घेतला नसता तर बरं झालं असतं. पुन्हा धप्प.

ऊन कलायला लागलं होतं. वैमानिक म्हणाला, "आता शेवटचीच चक्कर. कोण येतंय?" मला पल्याडचं अंगण दिसायला लागलं. बाज बाहेर टाकलेली असेल. बाबा कपाळावर आडवा हात धरून सकाळपासून आभाळाकडे पाहत असतील. गाव विचारत असेल, "काय जी, कुठी हाय तुमची पोट्टी?" आणि इथं माझ्या आड येत होतं एक पोतं, तेही आमच्याच घरचं!

माझं डोकं फिरलं. मी पारड्यातूनच ओरडले, "हे पोतंच कमी हाय! ह्याच्यातला तांदूळ काढलेला हाय! मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं!"

अख्ख्या जत्रेच्या माना ह्यांच्याकडे वळल्या.

आता त्या गर्दीतला अर्धा मुलूख आमचं गिऱ्हाईक. एकजण पुढं आला. "काय जी शेठ, बाई काय म्हणून राह्यली?"

ह्यांचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला. "काय पाह्यलं वं तू?"

"पोतं शिवायच्या आधी तुमी दरवेळी मूठभर तांदूळ काढून घेता का नाई? चिमण्याईले टाकता का नाई? म्हणा नाई म्हणून!"

"काढतो," हे म्हणाले.

गर्दीत गलका झाला. "तोला पोतं! वजनं लावा!" मी मनात म्हटलं, जाऊ दे दुकान, पण मी उडणार! (माझ्यासारखी बायको देव वैऱ्याला देवो. पण तेव्हा मला आभाळाशिवाय काही दिसत नव्हतं.)

मला उतरवलं. माझ्या जागी लोखंडी मणाची वजनं चढली. पोत्यावरचं लुगडं काढलं, बारदान्याचा हिशेब केला, काटा स्थिर झाला. रहीमभाऊंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "लाभ हो लाभ! पोतं पुरं! पुऱ्याच्या वर!"

हे शांतपणे म्हणाले, "मूठभर काढायच्या आधी दोन मुठी जास्तीच्या टाकतो मी. गिऱ्हाइकाच्या हिश्शातून चिमण्या कशा पोसू?"

जत्रेनं ह्यांना डोक्यावर घेतलं. खरोखर उचललं! (दीड मणाचा माणूस, काय जड?) मी मोहाच्या झाडाखाली उभी, पाटल्या पदरात, आणि आता साऱ्या जिल्ह्याला ठाऊक झालेलं, की पोतं पुरं होतं आणि मी पुऱ्याच्याही पुढं होते.

मला रडू आलं. "बाबा वाट पाहत असतील हो..."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं. महिनाभर ह्याच सासूबाई म्हणत होत्या की विमान हे भुताखेतांचं काम आहे. त्यांनी माझ्या खांद्यावरचा पिवळा शेला ओढून घेतला. "आण इकडं. तुया बापाचं घर कोणतं, ते सांग त्या पोट्ट्याले."

काट्यावर बसवलं तर पोतं जागचं हललं नाही आणि सासूबाई झोकात वर! निम्म्या आभाळात तर त्या तिथंच पोचल्या. मग विमान घरघरलं, बांध्यांवरून उधळलं आणि वैनगंगेच्या वाळूवरून पल्याड गेलं. मी दोन्ही हात जोडून उभी. जाऊ म्हणाली, "बुढी पडन ना वं." पण बुढी पडली नाही. परत आली ती केस पिंजारलेली, डोळ्यांत पाणी, आणि तोंड बंद व्हायला तयार नाही.

"तुया बापाचं घर कोंबड्याच्या खुराड्याएवढं दिसते वं! पण बुढ्यानं पाह्यलं मले. बाजेवर उठून बसला. पागोटं काढून असं हलवत होता, असं! मीबी हात बाहेर काढून शेला हलवला. गाव नाचून राह्यलं होतं!"

मी त्यांच्या पाया पडले. वाकताना दुसऱ्या चोळीचीही शिवण गेली, पण ते असो.

गोष्ट इथं संपली असती तर मी सुखी झाले असते. पण चौथ्या दिवशी माझा दादा नदी ओलांडून आला, तो तूप भरलेला डबा आणि डिंकाचे लाडू घेऊन. आल्या आल्या उंबऱ्यातूनच ह्यांच्यावर गरजला, "जावईबापू, आमच्या पोरीले खायला देता का नाई? बाबानं पाह्यलं तिले विमानात! हात काडीसारखा झाला म्हणते पोरीचा! बुढा तीन दिवस रडून राह्यला!"

तेवढ्यात मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. दार अडवूनच आले. दादानं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"बाबाले खरं सांगू का वं?" तो हळूच म्हणाला.

"काही सांगू नको," मी म्हटलं. "डबा ठेव."

बाबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांची लेक त्यांच्या छपरावरून उडून गेली, आणि सासरी ती वाळून चालली आहे. दर महिन्याला तूप येत राहिलं. आणि बापाचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी ते संपवत राहिले. इकडे ह्यांच्या दुकानाची कीर्ती पार टोकाच्या सिरोंच्यापर्यंत गेली. लोक म्हणायचे, तांदूळ घ्यायचा तर त्या शेठचा, बायकोशी तोलून देतात!

परवा मुंबईची नात म्हणाली, "आजी, आता तरी विमानानं ये. आता माणसांचं वजन करत नाहीत. फक्त सामानाचं करतात."

मी म्हटलं, "बाई, आधी त्याईले विचारून घे, मले कशात धरतात."