पहिला डाव देवाचा

लहानपणी पत्ते खेळताना बाबा पहिला डाव धरायचेच नाहीत. "पहिला डाव देवाचा," म्हणायचे, आणि हरलेल्याची हार माफ व्हायची. पुढे चाळिशी उलटल्यावर मी पोकरच्या स्पर्धांना जाऊ लागले तेव्हा बाबांचं हे वाक्य मी चांगलंच ताणलं. एकच डाव कशाला, पहिला अख्खा तास मी देवाला देऊन टाकायची.

पोकर मला शिकवला बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गिअरच्या कारखान्यातल्या लोकांनी, जेवणाच्या सुट्टीत. मी तिथे खरेदी विभागात आहे. स्पर्धेत सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मिळतात, चिप्स संपल्या की माणूस बाहेर, शेवटी उरेल तो जिंकला. पानं बघायच्या आधीच दोघांना पाळीपाळीने थोड्या चिप्स मध्ये टाकाव्याच लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात, आणि वेळ जाईल तसा तो वाढत जातो. तुमची खुर्ची रिकामी असली तरी पाळी आली की डीलर, म्हणजे पत्ते वाटणारी, तुमच्या ढिगातून ब्लाइंड उचलते.

माझा सिद्धांत असा, की सुरुवातीचा ब्लाइंड चिमूटभर असतो, गेला तर जाऊ दे. महादेवपुऱ्याच्या आयटी पार्कमधली गरम डोक्याची पोरं पहिल्या तासात एकमेकांना खाऊन टाकतात. आपण बाहेर कॉफी पीत बसावं, गर्दी पांगली की आत यावं. आमच्या टेबलावर एक निवृत्त बँक अधिकारी यायचे, त्यांना हे बिलकूल पटत नसे. "पानं टाकून देणं वेगळं आणि खुर्चीत नसणंच वेगळं," ते म्हणत. "बसलेल्या माणसाला निदान दिसतं, कोण घाबरून खेळतंय आणि कोण माजून." मी म्हणायची, "काका, दिसण्याचाच तर त्रास आहे." ते हसायचे. त्यांना वाटायचं मी थट्टा करतेय.

मी थट्टा करत नव्हते. त्या वर्षी मला कसलीच सुरुवात बघवत नव्हती, आणि त्याचं कारण माझ्या मानेवर होतं.

गौरीच्या दिवशी अक्का माझ्या मागे उभी राहून गळ्यातल्या हाराचा हूक लावत होती. अक्का माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो, आणि इथल्याच शिवाजीनगरातलं बाबांचं अस्तर-बटणांचं दुकान ती चालवते. त्या दिवशी हूक काही केल्या बसेना. "सोड, मी लावते," म्हणून मी हात मागे नेला, आणि डाव्या कानाखाली बोटाला काहीतरी लागलं. हरभऱ्याएवढं. दुखत नव्हतं, हलतही नव्हतं.

बाबांना गाठ तिथंच आली होती.

बाबांनी काय केलं ते मला पाठ आहे. "बघू या," म्हणाले. दुकानात लगीनसराईची गर्दी होती, मग हिशोबाचे दिवस आले, मग माझी परीक्षा. आमच्या घरात "बघू या" म्हणजे बघायचं नाही. शेवटी आम्ही त्यांना नेलं तेव्हा डॉक्टर आमच्याकडे न बघता खिडकीकडे बघून बोलले. मला ती खिडकी अजून आठवते.

म्हणून मी बघितलं नाही. ओढणी घ्यायला लागले. ओढणी शोभते का असं अक्काला विचारलं, तर ती म्हणाली, "बेंगळुरात स्वल्प थंडी पडली की तुला काश्मीर आठवतं." मी हसले. रात्री दिवा मालवला की बोट आपोआप तिथे जायचं, आणि मी देवाला सांगायची की वाढली नसेल तर मी पुढच्या आठवड्यात नक्की जाईन. वाढलेली नसली की वाटायचं, मग जायचं कशाला? वाढल्यासारखी वाटली की पाय उचलायचे नाहीत. संक्रांत आली. शेजारच्या कानडी बाई एळ्ळू-बेल्ला, म्हणजे त्यांचा तिळगूळ, घेऊन आल्या, आम्ही त्यांना तिळगूळ दिला, आणि वाकून नमस्कार करताना माझी ओढणी सरकली तशी मी ती इतक्या घाईने आवरली की हातातली वाटी सांडली. अक्काने खाली बसून तीळ गोळा केले.

रविवारच्या स्पर्धा हाच काय तो विसावा होता. महादेवपुऱ्यात एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर त्या चालत. बक्षीस म्हणजे मोठ्या स्पर्धेतली एक खुर्ची, फुकट प्रवेश. मी जिना चढायची, नाव सांगायची, चिप्स टेबलावर मांडलेल्या बघायची आणि व्हरांड्यात जाऊन बसायची. आत चिप्सचा आवाज चालू असायचा. माझा ब्लाइंड कुणीतरी उचलत असायचं आणि माझी बोटं कानाखाली असायची.

"अगं, आईच्या वेळी बायका महिन्यातून एकदा बाजूला बसायच्या," अक्का एकदा म्हणाली, "तू दर रविवारी बसतेस, तेही बस बदलून जाऊन!"

संक्रांतीनंतरचा तो एक रविवार. मी नेहमीसारखी तासाभराने आत गेले. माझा ढीग थोडा खचला होता, पण टेबलावरच्या चार खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, म्हणजे सिद्धांत बरोबरच होता. शेजारी पुण्याचा एक मुलगा होता, टोपी उलटी घातलेला. मी मराठी आहे कळल्यावर "काय सांगता, सॉलिड!" म्हणाला आणि मला जपून खेळायचे सल्ले देऊ लागला. मी पानं टाकत राहिले. बऱ्याच वेळाने मला नव्व्यांची जोडी आली. मी थोड्या चिप्स पुढे सरकवल्या. त्या मुलाने आपला सगळाच ढीग पुढे लोटला. "ऑल-इन."

नव्व्यांची जोडी वाईट नसते, पण त्यावर सगळं लावायचं माझ्यात बळ नव्हतं. मी पानं टाकणारच होते. डीलर कन्नड मुलगी होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ऑल-इन."

"सरी, सरी," मी म्हणाले.

मराठीत सरी म्हणजे गळ्यातला दागिना. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कानडी शेजारात राहून सरी म्हणजे बरं, ठीक, ऐकलं. रिक्षावाल्याला सरी, भाजीवालीला सरी, फोन ठेवताना सरी. माझ्या मनात होतं, ऐकलं गं बाई, देते टाकून. पण त्या खेळात आपल्या पाळीला तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि डीलरच्या भाषेत सरी म्हणजे कबूल. तिने हात वर करून सांगून टाकलं, "कॉल." म्हणजे माझाही सगळा ढीग पणाला.

मी नाही नाही म्हणाले. व्यवस्थापक आला, तोही कन्नडच. "नीवु सरी अंद्रल्ला?" त्याने विचारलं, म्हणजे तुम्ही सरी म्हणालात ना? पुण्याचा मुलगा गोंधळून सगळ्यांकडे बघत होता. म्हटलं होतं, नाही कसं म्हणू? "मग झालं, मॅडम," व्यवस्थापक म्हणाला.

पानं उघडी करावी लागली. त्याच्याकडे एक्का आणि राणी. मध्ये दोघांनाही जुळवता येणारी पाच पानं एकेक करून पडू लागली आणि मला भीती वाटली. ती भीती पत्त्यांची नव्हती. एकदा दाखवलं की परत झाकता येत नाही, याची ती होती. हात कानाखाली गेला होता आणि ओढणी कुठे होती मला माहीत नाही. चौथ्या पानापर्यंत मी पुढे होते. पाचवं पान राणी निघालं, आणि त्याच्या राण्यांच्या जोडीने माझ्या नव्व्यांना मारलं.

डीलरने आमचे दोन्ही ढीग शेजारी शेजारी उभे केले, अक्का दोन बटणांची उंची ताडून बघते तसे. त्याचा ढीग माझ्यापेक्षा जेमतेम वर होता. एवढासाच. मी बाहेर बसले असताना जेवढ्या चिप्स गेल्या, तेवढ्या ढिगात असत्या तर मीच वरचढ ठरले असते, हरूनही खेळात उरले असते. बँकेच्या काकांनाही ते दिसलं. त्यांनी नजर आपल्या चिप्सकडे वळवली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बसमध्ये मी खिडकीशी बसून राहिले. हरल्याचं दुःख नव्हतं. मला त्या व्हरांड्याची भीती वाटत होती. मी तिथे सुरक्षित आहे असं समजून बसले होते, आणि आत माझ्या ढिगातून उचलणं चालूच होतं.

अक्का दुकानात लेस गुंडाळत होती. "हरलीस?"

"हरले."

"बाजूला बसली होतीस?"

"हो."

तिने लेस खाली ठेवली. "हात काढ तिथनं," ती म्हणाली. मला कळलंच नव्हतं की हात तिथे आहे. टेबलावर माझा चेहरा कुणाला वाचता येत नाही असा माझा लौकिक होता! "काय आहे ते?"

"काही नाही. संक्रांतीपासून थोडं सुजलंय."

"उद्या जाऊ या डॉक्टरकडे?"

"बघू या" जिभेवर आलं होतं. पण सवय सवयीला आडवी आली आणि तोंडातून निघालं, "सरी."

अक्का शटर ओढायला उठली. "सरी म्हणालीस हं. आता मागे फिरायचं नाही," ती म्हणाली. पोकरचा 'प' तिला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी गार बोटांनी मान चाचपली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्या खिडकीकडे बघतात का ते पाहायला. खोलीला खिडकीच नव्हती. "किती दिवस झाले?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"थोडेच," मी म्हणाले.

"गौरीपासून," अक्का म्हणाली.

मला आडवं व्हायला सांगून डॉक्टरबाई सुई घालून नमुना घेण्याची तयारी करायला पलीकडे गेल्या. मी अक्काकडे बघितलं. तिने पदराने तोंड पुसलं.

"हार कोण लावत होतं तुला? माझ्याच बोटाला आधी लागली ती. हूक कसा बसणार, हात थरथरत होते माझे."

"मग बोलली का नाहीस?"

"भ्या वाटलं गं. बाबांचं आठवलं. म्हटलं, तू बोलशील तेव्हा बघू या." ती खाली बघत होती. "मीपण बाजूलाच बसले होते."

मला तिचा राग यायला हवा होता. मला फक्त रडू आलं, आणि मान हलवायची नाही म्हणून सांगितलेलं असल्यामुळे ते सरळ कानात गेलं.

नर्स पडदा ओढत आली आणि अक्काला कन्नडमध्ये म्हणाली की त्यांनी बाहेर बसावं. अक्का जन्मापासून या गावात आहे, घाऊक व्यापाऱ्यांशी कन्नडमध्ये भांडून भाव पाडते. पण त्या क्षणी तिची कन्नड कुठे पळाली कोण जाणे. स्टूल ओढून ती माझ्या उशाशी बसली, माझा हात घट्ट धरला आणि त्या बिचाऱ्या नर्सला चक्क मराठीत म्हणाली, "मी आता बाहेर बसायची नाही."