हळद उतरायच्या आत

अगं शालू, फोन नीट कानाशी धर आणि नुसतं हूं हूं करू नकोस. ऐकतेस? कंपनीच्या भिंतीमागल्या डबक्यात बेडूक डरांव डरांव करतायत!

हा आवाज आला की मी पुन्हा आठ वर्षांची होते बघ. तेव्हा चाकणला कंपनी कुठली, इथं आमचं शेत होतं. आषाढात बांधाशी पाणी साचलं, आणि बघते तर काय, पाण्यात हळदीनं माखलेले हे थोरले बेडूक! घराकडं धूम ठोकली.

"आये, बेडकांना हळद लागलीया!"

"आषाढात कसली हळद? थापाडी कुठली!"

सगळे हसले. मला रडूच आलं. मग आईला हाताला धरून ओढतच नेलं. पिवळेधमक नर गळ्याशी निळे फुगे फुगवून माद्यांना बोलवत होते आणि माद्या आपल्या मातकट रंगातच गप्प बसलेल्या. आई चिखलात मटकन बसली.

"व्हय गं बाई, नवरंच हायती की हे!"

पुन्हा कधी मला थापाडी म्हणाली न्हाई.

आता कळतं, तो रंग चार दिवसांचाच असतो, मग ते पुन्हा मातीसारखे होतात. तूही मनात थापाडी म्हणत असशील. म्हणून सांगते, यांची हळद उतरायच्या आत ये बाई.